हळू चालणं

सिग्नलला आमची गाडी उभी राहिली की आरसा हादरतो आणि त्यात दिसणारी मागची माणसं थरथरू लागतात. ही जुनी गाडी माझ्या वडिलांची, आप्पांची. माझ्या नवऱ्याने, सतीशने, हौसेने तिच्या इंजिनातला मूळचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, काढून शर्यतीच्या गाड्यांसारखा बसवला. मोकळ्या रस्त्यावर ती आता उधळते. गर्दीत मात्र गचके खाते, बंद पडते.

काल आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेताना ती चौकातच बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. सतीश ओशाळून म्हणाला, "आप्पा, हिला वेगात बघायला हवं. हळू चालणं हिला जमत नाही आता."

"मला तेवढंच जमतं, सतीशराव," आप्पा म्हणाले आणि दार उघडून उतरले.

दवाखाना पुढच्याच गल्लीत होता. मीही उतरले, त्यांचा हात धरला. हल्ली घरात आमचं जेवणही घाईचं, बोलणंही. कुणासाठी थांबायचं म्हटलं की आत धडधड सुरू होते. आप्पा एकेक पाऊल चाचपत टाकत होते.

"हात जरा सैल सोड गं," ते म्हणाले.

मी त्यांना ओढत होते.