सत्काराची शाल

कॉम्प्युटर पुसायला ही शाल ओली केली की तिच्यातून अजून खळीचा वास येतो.

यवतमाळच्या एका कॉलेजात सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन होतं. मोबाईलवरचा मजकूर आमच्या कोलामी बोलीत वाचून दाखवणारं माझं ॲप मी तिथं दाखवणार होते. ते ऐकायला माय झरी जामणीहून एसटीनं आली होती. सकाळचं तांत्रिक सत्र दीपप्रज्वलन, हारतुरे आणि पाहुण्यांच्या भाषणांनीच खाल्लं. माझा नंबर लागला तेव्हा बाहेर वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. मी लॅपटॉप जोडत असतानाच संयोजकांनी माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटो काढला आणि माईक बंद केला.

"सर, माझं ॲप दाखवायचं राह्यलं न!"

"सत्कार झाला न तुमचा? आता कायले बोलता? चला, जेवून घ्या."

क्षणात हॉल रिकामा झाला. माय तेवढी खुर्चीतून उठली नाही. मी जवळ गेले तशी तिनं शालीवरून हात फिरवला आणि विचारलं, "अन् तो फोन कधी बोलन वं आपल्या बोलीत?"

इतकी वर्षं झाली. या शालीनं धूळसुद्धा धड निघत नाही.