जिभेची डावी बाजू

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, देवापुढंही कधी तोंडातून शब्द काढला नाही. तुम्हाला सांगते. ऐकून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा — यातल्या अर्ध्या गोष्टीची मला आजही लाज वाटत नाही.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कळमनुरीजवळ आमचं गाव. माझं लग्न कुरुंद्याला ठरत आलं होतं — हळदीची मोठी शेती, बिजवर नवरा, त्याची थोरली मुलगी माझ्याएवढी. मला कोणी विचारलं? मुलीला कोण विचारतं? आणि एका सकाळी चूळ भरायला गेले तर पाणी डाव्या बाजूनं गळायला लागलं. डावा डोळा मिटेना. तोंडावरून वारं गेलं म्हणून आई रडत बसली. मी रडले नाही. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

कुरुंद्याची माणसं म्हणाली, तोंड सरळ होणार असेल तर थांबतो, नाहीतर दुसरीकडं बघतो. हे सांगणार कोण? कळमनुरीचे हकीमसाहेब. लकव्याचा माणूस बघून तो बरा होणार की नाही हे ते स्पष्ट सांगायचे, आणि तसंच व्हायचं. त्यांची परीक्षा साधी होती. काडेचिराइताच्या काढ्यात कापूस भिजवून ते जिभेच्या लुळ्या बाजूला लावायचे. कडू लागलं तर नस जागी होतेय, तोंड सरळ होणार. पहिल्या खेपेला मला काहीच लागलं नाही. पुढच्या बाजारी या म्हणाले, तेव्हाही लागलं नाही तर मी आशा लावणार नाही.

त्या बाजाराच्या दिवशी सकाळी लिंबाच्या काडीनं दात घासत होते, आणि — डावीकडं कडू लागलं. थोडंसं, पण लागलं. मी काडी फेकून दिली आणि गाडीत जाऊन बसले.

हकीमसाहेबांच्या ओसरीवर माझे वडील होते, कुरुंद्याच्या नवऱ्याचा चुलता होता. कापूस जिभेवर टेकला. कडूजहर. माझ्या तोंडाची उजवी बाजू धड होती. ती जराशी आक्रसली असती तरी सगळं संपलं होतं. मी ती दगडासारखी धरून ठेवली. "न्हाई लागत," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा लावून बघितला. मग चुलत्याला सांगितलं, आशा धरू नका. स्थळ मोडलं. याची मला लाज नाही. आज तीच वेळ आली तर आजही न्हाईच म्हणेन.

संक्रांतीपर्यंत माझं तोंड सरळ झालं. कुरुंद्याच्या माणसानं तोवर दुसरी केली होती. मी सुटले — आणि हकीमसाहेब सापडले. म्हाताऱ्याला आता काही कळत नाही, असं जो तो बोलायला लागला. हसणाऱ्यांत माझे वडीलही होते.

उन्हाळ्यात ते आमच्या गावात कोणाला तरी बघायला आले आणि आमच्या दारात थांबले. घरी मी एकटीच. पाणी दिलं. बराच वेळ माझा चेहरा न्याहाळून ते म्हणाले, "बेटी, त्या दिवशी कडू लागलं व्हतं का? मी कोनाला सांगनार न्हाई. माझं काय चुकून राहिलं, येवढंच समजून घ्यायचं हाय."

काय बिघडणार होतं माझं? कुरुंद्याचा नवरा दुसरीचा झालेला, घरात तिसरं माणूस नाही. नुसतं व्हय म्हणायचं होतं.

"न्हाई," मी म्हणाले.

का? त्यांच्या डोळ्यांत मला खोटारडी दिसायचं नव्हतं — एवढंच. दुसरं कारण नाही. पुष्कळ शोधून बघितलंय.

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि निघून गेले. त्यानंतर त्यांनी कापूस लावणंच सोडून दिलं. कोणी लेकरू घेऊन आलं, हे बरं होईल का म्हणून विचारलं, तर नुसतं आभाळाकडं बोट दाखवायचे. ज्यांचं तोंड सरळ होणार होतं त्यांनाही. निजामाचं राज्य गेलं त्याच्या आदल्या वर्षी ते वारले.

पहिल्या न्हाईबद्दल कोणी बोललेलं मी खपवून घेणार नाही. दुसऱ्याबद्दल — काय म्हणायचं ते म्हणा.

कडू लागलं होतं, हकीमसाहेब. तुमचं काही चुकलं नव्हतं.