मागच्या रांगेतून दिसेल असं ठिगळ

ओवण्याआधी दोरा जिभेवर फिरवायचा. चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा दुकानभर शोधायचा. गिऱ्हाइकाला फाटलेल्या जागेवरून हाक मारायची. मी ‘डावा खिसा’. आणि काहीही झालं तरी कापडात सुई ठेवून उठायचं नाही.

या रफूमावशीच्या सवयी. साहित्याची पदवी घेऊन मी रोज तिच्या दुकानात बसते, कारण दुसरं काम नाही. तिनं रफू केलं की कुठं फाटलं होतं हे खुद्द गिऱ्हाइकाला सापडत नाही. तेवढाच तिचा तोरा.

मग निवडणूक आली. उमेदवाराच्या बाईसाहेब कोपराला ठिगळ लावलेला कोट घालून सभांना जाऊ लागल्या. फोटो छापून आले, साधेपणाचं कौतुक झालं. लगेच बायका धडधाकट कोट घेऊन मावशीच्या दारात. कोपर कापा, ठिगळ लावा. माझी नणंदही आली.

“वन्सं, हा परवाच घेतलात ना?”

“म्हणून तर. फारच नवा दिसतो गं.”

मावशीनं कपाळाला हात लावला. चष्मा सापडला.

परवा दुपारी बाईसाहेबांचा सेक्रेटरी नवाकोरा कोट घेऊन आला. कोपराला भोक तोच पाडून आला होता.

“संध्याकाळच्या सभेला हवा, मावशी. ठिगळ मागच्या रांगेतून दिसलं पाहिजे.”

मावशीचं दुकान जिन्याखाली, आणि जिना त्यांच्याच पक्षाच्या कचेरीचा. नाही म्हटलं तर दुकान जाणार, हे तिला ठाऊक होतं. ती पुटपुटत कामाला लागली.

तो परत आला. बाही उलटसुलट करून पाहिली.

“ठिगळ कुठंय?”

मावशीनं चष्मा खाली ओढला. कोपर सपाट, अखंड. पुटपुटण्याच्या नादात तिनं चक्क रफू करून टाकलं होतं.

“हात गेला हो आपोआप.”

“तुम्ही माझी नोकरी घालवणार.” त्यानं तिचीच कात्री उचलली, त्याच जागी कच्चकन कापलं आणि वर निघून गेला.

मावशीनं चौकोनी तुकडा ठेवला, एक बाजू शिवली. मग थांबली.

“डावा खिसा, चल, चहा घेऊ.”

“आणि सभा?”

“सभा त्यांची आहे.”

“आणि दुकान?”

ती पायात चपला सरकवत होती. कोट टेबलावर पडला होता, ठिगळाच्या तीन बाजू मोकळ्या, आणि सुई कापडातच.