शीबाईचं नाक

तिला सगळी आळी शीबाई म्हणायची. आईबापांनी ठेवलेलं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर होतं, तेवढंच. दुधाची साय ओठाला लागली की शी, फडकं ओलं राहिलं की शी. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात मोरीच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता बघून ती तीनदा ओकली, आणि नवऱ्यानं ओळखलं की या संसारातली घाण आपल्या वाट्याला आली. भला माणूस. त्यानं ती बिनबोभाट उचलली. मोरी त्याची, उंदरांचा पिंजरा त्याचा, आणि दम्यानं खाटेला खिळलेल्या त्याच्या आईची पिकदाणीही त्याचीच.

मग लढाई लागली आणि तो फौजेत गेला. घाण घरीच राहिली.

पहिल्या दिवशी तिनं पिकदाणी सांडशीत धरून नेली.

"अगं, त्यात कफ आहे, साप नाही," सासूबाई म्हणाल्या.

"साप मी हातानं धरला असता."

"माझ्या लेकानं कधी तोंड वाकडं केलं नाही."

"तो तुमच्या पोटचा. मला सवय व्हायला वेळ द्या जरा."

तशी सवय काही झाली नाही. नवऱ्यानं पत्रातून युक्ती कळवली: नाक बंद, श्वास तोंडानं, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. त्या युक्तीवर ती दिवस काढू लागली. पिंजऱ्यातला उंदीर फुगून त्याचं शेपूट दोरीसारखं ताठ झालं, तेव्हाही ती कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होती. एवढं करूनही दुपारचा घास घशाखाली उतरत नसे.

पण देव एका हातानं मारतो आणि दुसऱ्यानं तारतो म्हणतात ना, तसं झालं. फौजेला बिस्किटं पुरवणाऱ्या कारखान्यात पीठ चाळायला बायका हव्या होत्या. तिथं तिचं नाक कामाला आलं. पोत्याची सुतळी सुटायच्या आत ती सांगे, हे बरं, हे कुबट. मुकादम कौतुकानं म्हणे, "वहिनी, तुमच्यापुढं मांजर झक मारतं."

ही बातमी कळवल्यावर नवऱ्याचं पत्र आलं. 'इथं जेवण अंधारातच उरकावं लागतं. बाकीचे बिस्कीट आपटून, फुंकून, चाचपून खातात. मी नाही. दिवसा वाटप होताना पाकिटावर आपल्या कारखान्याचा शिक्का दिसला की म्हणतो, हे तिच्या नाकाखालून गेलंय. न बघताच खातो.'

तिनं सासूबाईंना ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून भोळाच." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

पुढच्याच आठवड्यात कारखान्यात भलतंच घडलं. पीठ संपत आलं होतं, संध्याकाळी ट्रक भरायचा होता, म्हणून मुकादमानं ओल आलेल्या भिंतीला लागून पडलेली जुनी पोती काढली आणि फर्मावलं, "आज चाळण्या बंद. थेट टाका."

शीबाईनं सुतळी सोडली. पिठाला जाळी धरलेली. मुठीएवढाले गोळे, आणि त्यांत पांढऱ्या अळ्या वळवळताहेत. वास असा, की महिनाभर न धुतलेले पायमोजे कुणी तोंडावर दाबावेत.

"मुकादम, हे हलतंय."

"काय हलतंय?"

"पीठ."

"भट्टीत गेलं की थांबेल."

"माणसं खाणार आहेत हे."

"लढणाऱ्याला भूक असते, भिंग नसतं. आणि तुम्हाला तर साधी साय चालत नाही, वहिनी. तुमचं काय ऐकायचं?"

बायका हसल्या. मुकादमानं स्वतःच्या हातानं तीन पोती उचलून कणीक मळायच्या यंत्रात रिकामी केली. आता कळ दाबायचीच तेवढी खोटी.

तिच्या डोळ्यांपुढं अंधारात उघडलेलं एक तोंड आलं. ती रागावून घरी गेली असती, तरी पीठ भट्टीत जाणारच होतं. मग तिनं ती युक्तीच उलटी केली. तोंड मिटलं, नाक मोकळं सोडलं, कोपरापर्यंत हात यंत्रातल्या पिठात खुपसला, एक गोळा डोळ्यांपाशी आणून फोडला आणि त्यातली अळी टक लावून बघत राहिली. कॅलेंडर नाही, काही नाही. अळी बोटावर चढली, आणि शीबाई त्या यंत्रात पोटभर ओकली. सकाळची भाकरी, चहा, सगळं.

मुकादम थिजला. "हे काय केलंत?"

"आता चालेल का फौजेला?" तिनं पदरानं तोंड पुसलं.

"हे काढू आणि दुसरी पोती टाकू."

"टाका. चहा अजून थोडा उरलाय पोटात."

एवढ्यात शेजारची बाई तोंडावर हात दाबून मोरीकडं पळाली, तिचं बघून दुसरी पळाली. ओकारी जांभईसारखी असते, एकीला आली की रांग लागते. मुकादमाचाही चेहरा पडवळासारखा हिरवट पडला. तो बाहेर जाऊन आला आणि भिंतीकडं बघत म्हणाला, "चाळण्या परत लावा. ही पोती जाळा. ट्रक उद्या आला तरी चालेल. आणि यंत्र साफ करायचं ते वहिनींनीच."

तिनं ते केलं. आत वाकून, हातांनी खरवडून, बादल्याच्या बादल्या उपसल्या. किळस येत होतीच, दोनदा उमासाही आला. पण नाकाला पदर तिनं लावला नाही, की नजर दुसरीकडं वळवली नाही. एकही अळी राहून चालणार नव्हतं.

घरी येऊन तिनं पिकदाणी नुसत्या हातानं उचलली. सासूबाईंनी विचारलं, "सांडशी हरवली का गं?" ती पिकदाणी घेऊन मोरीकडं गेली. त्या दिवशीचं तिनं नवऱ्यालाही कळवलं नाही. पत्राच्या शेवटी फक्त लिहिलं, 'शिक्का असला तरी एकदा बघून खात जा. सुट्टीच्या दिवशी मी कारखान्यात नसते.'