राखून ठेवलेली ओळ

जिल्हा क्रीडा कार्यालयातले ते कारकून कानामागची पेन्सिल काढून माझी फाइल चाळतात आणि दर खेपेला म्हणतात, "ताई, एक कागद कमी हाय." मी सगळं यादी करून नेते, तरी त्यांची यादी माझ्याहून लांब. मी शिकवते त्या मुलींच्या कबड्डीच्या मॅटसाठी अनुदानाचा अर्ज होता. शेवटच्या दिवशी कमी निघाला ग्रामपंचायतीचा ठराव. आमच्या गावाहून, माकुणसारहून तो घेऊन परतले, तेव्हा कार्यालय सुटलं होतं. कारकून एकटेच आवक नोंदवही उघडून बसले होते. वरखाली सगळे अर्ज शाईने नोंदलेले. मधल्या एका ओळीत पेन्सिलीने फक्त 'माकुणसार'. ते खोडून त्यांनी शाईने लिहिलं. "पोरींना तरी वेळेवर यायला शिकवा, ताई."