मालिशीला लागणारं घरचं माणूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी, नंतर तुमच्या तोंडात चहा असेल आणि माझं धोतर कालच धुतलंय! गाढवपणा मी पुष्कळ केला आयुष्यात. पण नुसती मालिश करून घेण्यासाठी सख्खा भाऊ भाड्याने आणणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात मी एकटाच असणार.

झालं असं, की गेल्या पावसाळ्यात माझा उजवा खांदा आखडला. आखडला म्हणजे किती? हात छातीच्या वर जाईना! आणि मी पडलो मास्तर. फळ्याचा वरचा अर्धा भाग महिनाभर कोरा. खालच्या अर्ध्यात मी गणितं कोंबतोय आणि मागच्या बाकावरची पोरं उभी राहून वाचतायत. हेडमास्तर दारातून म्हणाले, "काय मास्तर, फळा उंच झाला की तुम्ही ठेंगणे झालात?"

शेवटी आमच्या शाळेच्या शिपायाला, सखारामला दया आली. "केडगावच्या तालमीत वस्ताद हायेत. म्हातारं मानूस. डोळ्याला कमी दिसतं, पर बोटांना समदं दिसतं. मी इचारून येतो." आणि खरंच गेला बिचारा. रविवार सकाळची वेळ घेऊन आला, सोबत वस्तादांचा हुकूमनामा.

"ऐका मास्तर. आदल्या रातीपासून पोटात कायबी घालायचं न्हाई. सकाळी ऊन पान्यानं आंगुळ. लंगोट पायजे, धोतरावर मालिश न्हाई. तिळाचं तेल पावशेर. आन् घरचं एक मानूस."

"घरचं माणूस कशाला?"

"वस्तादांचा नेमच हाय तसा. त्येच्याबिगर अंगाला हात लावत न्हाईत. हाय ना कोन?"

आता मला सांगा, 'कुणी नाही' असं सरळ म्हणायला माझं काय जात होतं? खरंच कुणी नाही. बायको जाऊन नऊ वर्षं झाली. मूलबाळ नाही, आईवडील त्याच्या आधीच गेले. खोलीत एक खाट, एक ताट, एक कप. पण ते दोन शब्द काही तोंडातून निघेनात. त्यात समोर सखाराम! त्याला सांगितलं की मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर दवंडी. मग सगळे चार दिवस माझ्याशी मऊ आवाजात बोलणार. ते मला अजिबात सोसत नाही.

"आहे की! भाऊ आहे," मी ठोकून दिलं.

"आँ? कवा बोलला न्हाईत?"

"तू कधी विचारलंस?"

झालं, भाऊ जन्माला आला. मी तयारीला लागलो. मास्तरची जात, कागदावर यादी केली आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायला जागा सोडली. लढाईचे दिवस, सगळ्याचीच टंचाई, तिळाच्या तेलासाठी सगळी बाजारपेठ पालथी घातली. मिळालं. खूण! लंगोट शिवायला टाकला तर शिंपी माझ्या अंगाकडे बघून विचारतो, "कोणत्या पैलवानासाठी?" म्हटलं, "भावासाठी." बघा, भाऊ कामाला लागलासुद्धा!

पण तो बांधायचा कसा? दार लावून घेतलं. उजवा हात पाठीमागे जाईना. डावा हात आणि दात, अशी दोघांची झटापट चालली. एकदा तर गाठ मारल्यावर कळलं की खाटेची दोरीही आत बांधली गेली आहे! शेवटी शनिवारी संध्याकाळी कसाबसा बसला. आता सोडला तर पुन्हा बांधता येईल याची खात्री काय? तसाच झोपलो. सकाळी आंघोळही त्याच्यावरूनच केली आणि ओल्या लंगोटावर कोरडं धोतर नेसून निघालो.

यादीत एकच ओळ खुणेवाचून राहिली होती. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकांना विचारावं म्हणून मी त्यांच्या दारापर्यंत गेलो होतो हो, नाही असं नाही. त्यांचं पंचांग मागून घेतलं आणि परत आलो.

तर रविवारी सकाळी उपाशीपोटी, तेलाची बाटली डाव्या हाताने छातीशी धरून, मी दगडूच्या टांग्यात बसलो. दगडू म्हणजे आमच्या अड्ड्यावरचा टांगेवाला. पन्नाशीचा गडी, मिशा ओठ झाकून हनुवटीपर्यंत आलेल्या. पुण्याच्या रस्त्याला लागलो. केडगावची घरं दिसायला लागली तसा माझा धीर सुटला.

"दगडूशेठ," मी म्हटलं, "तासाभरासाठी माझे भाऊ व्हाल का?"

त्याने घोडा थांबवला. मागे वळून माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं, आता खाली उतरवतोय.

"कसला भाऊ? सख्खा का चुलत?"

"सख्खा. धाकटा."

"धाकटा न्हाई जमायचं मास्तर. मिशा बघा की माझ्या! थोरला हुतो."

"बरं, थोरले व्हा."

बस्स! एवढी मुभा दिली आणि माणूस बदलला. तालमीच्या दारात टांगा उभा राहतो न राहतो तोच ओरडला, "ए बाळ्या, चपला हिकडं काढ. आन् पोक काढून चालू नगंस!"

माझं नाव सदाशिव. शाळेतल्या चारशे पोरांचे बाप मला वाकून नमस्कार करतात. आणि हा मला बाळ्या म्हणतोय! राग यायला हवा होता. पण नऊ वर्षांत मला कुणी 'अरे' म्हटलं नव्हतं. मी चपला मुकाट्याने तिकडे काढल्या.

वस्ताद तालमीतल्या लाल मातीच्या हौदाशेजारी घोंगडी टाकून बसले होते. मी नमस्कार करून खांद्याविषयी बोलायला लागलो तर हात वर करून मला गप्प केलं.

"तू न्हाई बोलायचं. दुखनेकरी मानूस येक तर रडतं, न्हाईतर लपवतं. घरच्याला इचारावं. रातचं कन्हनं त्येनं ऐकल्यालं असतं." आणि दगडूकडे तोंड करून म्हणाले, "कंचा खांदा?"

मेलो! घरचं माणूस लागतं ते यासाठी! सगळी तयारी केली, लंगोटात झोपलो, पण भावाला खांदा कुठला ते सांगितलंच नव्हतं. दगडूने माझ्याकडे पाहिलं. मी आपला डाव्या हाताने बाटली छातीशी कवटाळून उभा.

"डावा," तो ठणकावून म्हणाला.

तेव्हाच तोंड उघडायचं ना? पण तुम्हीच विचार करा. सख्ख्या भावाला खांदा ठाऊक नाही म्हटल्यावर भाऊ कसला? मग 'तुझं आहे तरी कोण' इथपर्यंत गाडी जाणार. मी निमूट पालथा पडलो. वस्तादांनी माझ्या धडधाकट डाव्या खांद्यावर तेल ओतलं.

"लई जुनं दिसतंय का?"

"तर वो! पर ह्यो सांगंल तर शप्पत. ल्हानपनापासनं हट्टी. जेवला का इचारलं तर जेवलो म्हनतो, आन् चूल थंड!"

हे याला कुणी सांगितलं? मी मान वळवून बघायला गेलो तर वस्तादांनी ती खाली दाबली.

"आन् हेची मंडळी?"

"म्हायेरी गेलीया."

"कवा येनार?"

"दिवाळीला."

खोटं सांगत नाही, त्या घोंगडीवर पालथ्या पडल्या पडल्या मी दिवाळीला किती दिवस राहिले ते मोजलं.

आणि मग वस्तादांचे हात चालायला लागले. न्हाव्याशिवाय माझ्या अंगाला नऊ वर्षांत कुणाचा हात लागला नव्हता. ती गरम बोटं पाठीवरून फिरायला लागली आणि मला रडू आलं. आवरेचना! न दुखणाऱ्या खांद्यासाठी मी हमसाहमशी रडतोय आणि वस्ताद समाधानाने म्हणतायत, "बघ, बराबर जागा घावली."

पुढे त्यांनी दगडूलाच चोळायला बसवलं. अंगठा कुठे, तळवा कुठे, सगळं शिकवलं. मग त्याचा हात लाल मातीवर ठेवायला लावून वचन घेतलं, की पंधरा दिवस रोज दिवेलागणीला भावाचा खांदा चोळीन. आणि दगडूने दिलं की वचन!

परत येताना मी म्हटलं, "दगडूशेठ, ते वचनाचं काही मनावर घेऊ नका. आणि माझी मंडळी माहेरी नाही हो. जाऊन नऊ वर्षं झाली."

त्याने घोड्याला विनाकारण दोन हाका मारल्या. मी खांद्याचंही सांगणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "मातीवर हात ठिवलाय मास्तर. उद्या येतो."

आता उद्या येणाऱ्या माणसाला खांदा चुकला म्हणून कसं सांगायचं?

आला. रोज आला. घोडा दाराशी बांधायचा, बाह्या वर करायच्या आणि "बस खाली बाळ्या" म्हणून डावा खांदा रगडायचा. मी दुसरा कप विकत आणला. गुळाचा चहा व्हायचा. तो दिवसभराच्या सवाऱ्यांच्या गोष्टी सांगायचा, मी पोरांच्या सांगायचो. डावा खांदा असा काही तयार झाला, की त्या एका खांद्यावर मी फडात कुस्ती मारली असती! उजवा मात्र जागच्या जागी. फळा अर्धाच.

पंधरावा दिवस उजाडला. शाळेत दिवसभर लक्ष नाही. बरं वाटतं म्हणावं तर हा उद्यापासून यायचा नाही. दुखतंय म्हणावं तर त्याच्या मेहनतीवर पाणी. संध्याकाळी चोळून झालं, चहा झाला, तो हात पुसायला लागला तसा मी चाचरत म्हटलं, "डावा अगदी छान झाला. पण... आता जरा उजवा दुखायला लागलाय."

"आता लागला?" दगडू मिशांतून हसला. "आरं, पयल्याच दिशी तालमीतनं निघताना तू डोईवर टोपी डाव्या हातानं घातलीस, तवाच वळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तू तरी कुठं बोललास?" त्याने पंचा खुंटीला लावला. "उजवा चोळला असता तर पंधरा दिसांत बरा हुनार. मंग सोळाव्या दिशी मी जानार कुठं? माझ्या घरी तरी कोन बसलंय? नुसता घोडा हाय, आन् त्यो झोपतो लवकर."

मी उजवा खांदा त्याच्यापुढे केला. विचारलं, "उजव्याला किती दिवस लागतील?"

दगडूने माझ्या खांद्यावर अंगठा दाबून बघितला, अगदी वस्तादांसारखी मान हलवली आणि म्हणाला, "लई जुनं दुखनं हाय बाळ्या. तुझी मंडळी म्हायेरातनं येईस्तवर तरी चोळावं लागंल."

तर मंडळी, असा हा माझा भाऊ. काय म्हणालात? उजवा खांदा आता कसा आहे? हळू बोला, सखाराम बाहेरच उभा आहे! अहो, तो बरा होऊन दोन महिने झाले. हात फळ्याच्या पार वरच्या टोकाला पोचतो, सुट्टीच्या दिवशी वर्ग रिकामा बघून मी लिहूनसुद्धा पाहिलं. मग पंच्याने सगळं पुसून टाकलं. कारण सखारामला कळलं की टांग्यांच्या अड्ड्यावर दगडूच्या कानी पोचायला कितीसा वेळ? म्हणून मी अजून फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहितो, आणि हेडमास्तर आले की आधी कन्हतो.