काकूची दिवसाची झोप

आमच्या घरात दिवसा झोपणारं माणूस एकच, आणि त्यावरून बोलणी खाणारंही तेच: माझी काकू. इस्पितळात बावीस वर्षं रात्रपाळीची नर्स. सकाळी नऊला घरी यायची, दोन घास पोटात ढकलायची आणि आडवी व्हायची. नेमका तेव्हाच समोरचा कर्णेवाला दुकान उघडायचा. सभा-समारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देणारा हा गृहस्थ दिवसभर एकेक कर्णा तपासत बसे. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन." तीनच्या पुढे तो कधी गेला नाही, येत नसावं.

काकू त्याच्याशी भांडून आली, पोलिसांत अर्ज देऊन आली. पालथ्या घड्यावर पाणी. उलट तो कर्ण्यातूनच विचारायचा, "ताई, आता ठीक आहे का?"

मग एकदा पाच नंबरच्या खाटेचं इंजेक्शन ती सात नंबरच्या दंडापर्यंत घेऊन गेली. पेशंट जागा होता म्हणून निभावलं. मेट्रन म्हणाली, "महिनाभरात झोपेचं बघा, नाहीतर मला तुमच्या नोकरीचं बघावं लागेल." त्या दिवशी काकू घरी येऊन ढसाढसा रडली.

माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या दिरांना, ही रात्रपाळी पहिल्यापासून खुपत होती. त्यांना कर्णेवाला आयताच सापडला.

"घरात काय कमी आहे? सोडून दे नोकरी. आणि संसार म्हटला की थोडं ऐकून घ्यावं लागतं."

"भाऊजी, बावीस वर्षं ऐकूनच घेतेय. म्हणून तर झोप लागत नाही."

बाबांनी वर्तमानपत्रात डोकं घातलं. काकाने ते आधीच घातलेलं होतं.

काकूने खिडकीला दोन रजया आणि एक जुनी गादी टांगली. खोलीची भट्टी झाली, एक-दोन-तीन मात्र जसंच्या तसं. मग तिने सुतार बोलावला. त्याने काडी पेटवली आणि चौकटीच्या कडेकडेने फिरवली. एका कोपऱ्यात ज्योत आत झुकली.

"बाई, जिथून वारा शिरतो तिथूनच आवाज शिरतो. आधी फटी बुजवू. मग या काचेच्या आत चार बोटं सोडून दुसरी जाड काच बसवू."

बाबा दारात उभे. "खिडकी आमच्या वडिलांनी बसवलेली आहे. हात लावायचा नाही."

"मामंजींनी बसवली, पण तिच्याखाली दिवसा झोपायची पाळी त्यांच्यावर आली नाही," काकू म्हणाली. "मिस्त्री, तुम्ही कामाला लागा."

मी स्टूल धरून उभी होते. बाबांची मुलगी असूनही मला उकळ्या फुटत होत्या, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी दुपारी काम झालं. मिस्त्री बाहेर हात धुवायला गेला. काकूने खोलीचं दार लावलं, खिडकी ओढून घेतली. समोर कर्णेवाल्याचं तोंड हलत होतं आणि आवाज नव्हता! इतका सज्जन तो मला कधीच वाटला नव्हता. काकू हसली आणि डोळे मिटून पडली.

आणि त्या शांततेत बाहेरच्या खोलीतलं बोलणं स्पष्ट ऐकू आलं. एरवी ते कर्ण्याखाली बुडून जायचं.

"राजीनामा मी लिहून ठेवलाय," बाबा म्हणत होते. "तू फक्त तिची सही घे."

"घेतो," काका म्हणाला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकूचे डोळे उघडे होते. ती उठली, पदर खोचला आणि दार सताड उघडलं. तिने टेबलावरचा कागद उचलला, उभ्यानेच शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. काकाकडे एकदा पाहिलं. तो काही बोलेल म्हणून ती थांबलीही. त्याने वर्तमानपत्र ओढून घेतलं.

"मिस्त्री, जाऊ नका," तिने हाक मारली. "या दाराचंही माप घ्या."

मिस्त्री टेप घेऊन आला आणि लिहायला काही मिळेना म्हणून खिसे चाचपू लागला. काकूने राजीनामा उलटा करून त्याच्या हातात दिला.

"ह्यावर लिहा. मागची बाजू कोरी आहे."